बिघाड सक्शनला, बैठक डिलिव्हरीला

महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने घरांना गवताच्या झडी बांधाव्या लागतात, नाहीतर भिंतीसुद्धा पाणी प्यायला लागतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. एवढं सगळं पाणी ज्या गावाच्या नावावर आहे, त्या गावात मी लॉज चालवतो आणि मे महिन्यात सकाळी साडेसातला रोज एकच वाक्य ऐकतो, "मालक, प्रेशर नाहीये."

पाहुण्यांना हे पटत नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी गोमुखाखाली हात धरून तीर्थ घेतलेलं असतं, वेण्णा लेकमध्ये नौका फिरवलेली असते. "पाच नद्या इथे उगम पावतात ना? मग?" असा त्यांचा सवाल असतो. अहो, उगम पावतात म्हणजेच इथून निघून जातात. आमच्या डोंगराच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे, आणि जांभ्याच्या पोटात पाणी ठरत नाही. वरून पडलेलं झिरपत खाली जातं, खालच्या काळ्या पाषाणावर थबकतं आणि कड्याच्या कुशीतून झरा होऊन चालू लागतं. ते वाईला भेटेल, कराडला भेटेल, सांगलीला तर कधीकधी घरात येऊन भेटेल; आमच्याकडे थांबणार नाही. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी हे ओळखलं होतं, म्हणून १८४२ साली त्यांनी वेण्णा अडवून तळं बांधून घेतलं. आज पाहुणे त्या तळ्याकडे वल्हवायची जागा म्हणून पाहतात. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नळांना येणारं पाणीही तेच, हे त्यांना सांगितलं की ते वल्ह्याकडे जरा संशयाने पाहतात.

आता 'प्रेशर नाही' या तक्रारीची फोड करू. पाहुण्याच्या भाषेत प्रेशर नाही म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट असते. पाणी जोरात येत नाही, किंवा पाणी पुरेसं येत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींचे वैद्यही वेगळे. जोर हा उंचीचा, इंजिनिअरांच्या भाषेत 'हेड'चा, खेळ आहे. टाकी शॉवरच्या दहा मीटर वर असली तर शॉवरला एक किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोचा, दाब मिळतो. आमच्या वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या जेमतेम दोन मीटर खाली आहे. म्हणजे दाब पाव किलोसुद्धा नाही. तळमजल्याला त्याच्या तिप्पट-चौपट.

इथे धंद्याची पंचाईत होते. वरच्या मजल्यावरून दरी दिसते, म्हणून त्या खोल्यांचं भाडं जास्त. तळमजल्यावरून समोरच्या लॉजची मागची भिंत आणि तिथे वाळत घातलेल्या चादरी दिसतात, म्हणून भाडं कमी. निसर्गाने मात्र प्रेशरची वाटणी बरोब्बर उलटी केली आहे. जास्त पैसे मोजणारा माणूस दरीकडे पाहत शॉवरखाली थेंबाची वाट बघत असतो आणि स्वस्तातला माणूस खाली धबधब्यात उभा असतो. मी एकदा रेटकार्डावर 'व्ह्यू' आणि 'पाणी' असे दोन स्वतंत्र रकाने करावेत असा विचार बोलून दाखवला होता. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा बादली द्या." तेव्हापासून वरच्या मजल्यावर बादल्या मोठ्या आहेत.

पण गेल्या मे महिन्यातलं दुखणं जोराचं नव्हतं, पुरवठ्याचं होतं. टाकीच भरत नव्हती. आमची विहीर अंगणाच्या खालच्या उतारावर आहे. तिच्या काठावर दीड हॉर्सपॉवरची मोटार, तिथून पाइप वर गच्चीवर. सकाळी बटण दाबलं की मोटार फिरायची, आवाज यायचा, पाणी यायचं नाही. वरून तांब्या-दोन तांबे पाणी ओतून ती भरली की उचलायची, आणि मग धाप लागल्यागत थोडं पाणी, थोडी हवा, थोडं पाणी असं चालायचं. नऊला टाकी रिकामी. सगळे पाहुणे तोंडाला साबण लावून व्हरांड्यात.

आणि मग बैठक भरली.

मराठी माणूस सुट्टीवर आला तरी त्याचं मत सुट्टीवर जात नाही. पंपाच्या बाबतीत तर नाहीच. पुण्याचे एक काका खांद्यावर टॉवेल टाकून म्हणाले, "मी काय म्हणतो, तुमचं डिझाइनच मुळात चुकलेलं आहे." मी आदराने विचारलं, "काका, आपण इंजिनिअर का?" म्हणाले, "छे, बँकेत होतो. पण आमच्या सोसायटीची पाणी समिती सोळा वर्षं माझ्याकडे आहे." समितीने सोळा वर्षांत काय केलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण ते इथे अंघोळीला आले होते, यावरून अंदाज बांधता येत होता.

डोंबिवलीच्या वहिनींनी तुलनात्मक अभ्यास मांडला. "आमच्याकडे एकच तास येतं, पण काय फोर्स असतो! नळ धरून ठेवावा लागतो." हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने सांगितलं की त्याच्या घरच्या टाकीला सेन्सर आहे, टाकी रिकामी झाली की मोबाइलवर संदेश येतो. मला तो संदेश जिन्यातून ओरडून मिळत असल्याने मी त्या बाबतीत मागे नव्हतो. कोल्हापूरकडचे एक दादा ऊसवाले होते, पंचगंगेच्या काठावर त्यांच्या मोटारी होत्या. त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि विचारलं, "मोटार केवढ्याची?"

"दीडाची."

"काढून टाका. पाचाची बसवा. विषय संपला."

यावर व्हरांड्यात एकदम समाधान पसरलं. मोठी मोटार हा आपल्याकडचा सर्वमान्य उतारा आहे. उपाय महाग असला की तो खरा वाटतो. पण पाइप तोच ठेवून मोटार मोठी केली तर पाणी त्याच पटीत वाढत नाही, कारण पाइपातलं घर्षण पाण्याच्या वेगाच्या साधारण वर्गाने वाढतं. दुप्पट पाणी ढकलायला घर्षणाचा चौपट भुर्दंड. उलट तेवढंच पाणी नेण्यासाठी एक इंची पाइपाऐवजी अर्धा इंची टाकला, तर घर्षण बत्तीसपट होतं. म्हणजे मोटारीवर हजारो खर्च करणारा माणूस पाइपावर शेकड्यात काटकसर करतो आणि मोटारीची सगळी ताकद त्या काटकसरीला घासण्यात घालवतो. हे मी दादांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "मग सातची बसवा."

या सगळ्या बैठकीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चर्चा चालली होती ती नळाची, शॉवरची, टाकीची आणि मोटारीची. म्हणजे पाणी जिथे पोचतं त्या बाजूची. विहिरीत जो पाइप बुडतो, जिथून पाणी निघतं, त्या बाजूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पंपाला दोन तोंडं असतात. एकाने तो घेतो ते सक्शन, दुसऱ्याने देतो ती डिलिव्हरी. डिलिव्हरीला उजेड असतो, खुर्च्या असतात, चहा येतो. सक्शनला अंधार, शेवाळ, वटवाघळं आणि निसरडी पायरी. त्यामुळे बिघाड जरी सक्शनला झाला, तरी बैठक भरते ती डिलिव्हरीलाच.

ही चाल जुनी आहे, आणि केवळ मराठी नाही. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या संवादग्रंथात पंपाची तक्रार येते. एका विहिरीवर बसवलेला पंप पाणी देईना. मालकाला वाटलं, यंत्र बिघडलं. त्याने दुरुस्तीला कारागीर बोलावला. कारागिराने पाहून सांगितलं, पंप ठीक आहे, पाणीच फार खाली गेलंय; एवढ्या खोलीवरून कुठलाच पंप ते ओढू शकणार नाही. मर्यादा अठरा हात, म्हणजे आजच्या हिशेबात दहा मीटरच्या आसपास. त्या कारागिराचं नाव ग्रंथात नाही. गॅलिलिओने मग याची कारणमीमांसा केली. लांब दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो तसा पाण्याचा खांब तुटत असणार, असं त्याचं म्हणणं. ती मीमांसा चुकली. म्हणजे जगातल्या पहिल्या गाजलेल्या पंप-बैठकीत निदान मिस्त्रीचं बरोबर निघालं आणि स्पष्टीकरण विद्वानाचं चुकलं. ही परंपरा आम्ही महाबळेश्वरात अखंड ठेवली आहे.

बरोबर उत्तर गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ च्या सुमारास दिलं. पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त आपल्या पोटातली हवा कमी करतो. बाहेरच्या हवेचं वजन विहिरीतल्या पाण्यावर बसलेलं असतं, ते पाण्याला पाइपात वर ढकलतं. शहाळ्याच्या नळीने आपण पितो तेव्हाही हेच चालतं, आणि नळीला वर कुठे बारीक भोक पडलं की आपण गाल आत घेऊन नुसती हवा चघळतो. समुद्रसपाटीला हवेचं वजन पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलतं. त्यापुढे तुमची मोटार पाचाची असो की पन्नासाची, हवा हात वर करते.

मग डोंगरावर, जिथे हवाच पातळ आहे तिथे काय? हा प्रश्न ब्लेझ पास्कालला पडला. उत्तर शोधायला तो स्वतः डोंगर चढला नाही. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, चढवलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी हे दाजी, फ्लोरँ पेरिए, फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याच्या नळ्या घेऊन गेले. पायथ्याशी असलेला पारा माथ्यावर सुमारे तीन इंच खाली उतरला. हवा वर हलकी असते, हे सिद्ध झालं. आज दाबाच्या एककाला पास्काल म्हणतात. चढून गेलेल्या दाजींचं नाव कुठल्याच एककाला नाही. आपल्याकडे दाजींना असं कामाला लावायची सोयच नाही, त्यांना पहिल्या चहालाच दोनदा आग्रह करावा लागतो. त्यामुळे हा शोध साताऱ्यात लागणं अवघड होतं. नाहीतर जागा अगदी योग्य होती. प्वी द दोम १,४६५ मीटर उंच आणि आमचा विल्सन पॉइंट त्याच्याहून फार तर तीस-पस्तीस मीटरने बुटका.

गावाची उंची धरली १,३७२ मीटर, तर इथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने पंधरा टक्के कमी भरतो. म्हणजे जो पंप रत्नागिरीला कागदावर १०.३ मीटर खोलीतून पाणी घेईल, तो इथे पावणेनऊलाच थकतो. प्रत्यक्षात पाइपाचं घर्षण, वाकणं, विहिरीतल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह यांचा वाटा वजा जाता पाच मीटरच्या आत पाणी असलं तर बरं. पाहुण्यांना हे सांगितलं तेव्हा पुण्याचे काका खूश झाले. "म्हणजे हवेचाच दोष!" मी म्हटलं, "काका, त्याच हवेचे आम्ही तुमच्याकडून खोलीमागे पैसे घेतो. तिला दोष देऊन कसं चालेल?"

या सगळ्या गोष्टी पंपाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात लिहिलेल्या असतात, हे आणखी एक दुःख. आणि आपल्या भागाला तर पंप परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना मांडला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात येते. तिथे आधी नांगर घडले आणि १९२६ साली सेंट्रिफ्युगल पंप घडला. त्याच वाडीतून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर', म्हणजेच पुढचं 'किर्लोस्कर', हे मासिकही निघत होतं. मराठी घरांनी दोन्ही आनंदाने घेतलं. मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पंपाचं माहितीपत्रक मात्र आजतागायत घडी न मोडता फ्यूजच्या डब्यामागे आहे. तसा सातारा-सांगलीचा हिशेब चोख आहे. आम्ही कृष्णा खाली पाठवतो, त्यांनी पंप वर पाठवला. शिवाय जे पाणी आम्ही एक पैसा न घेता कराडपर्यंत उतरवून देतो, तेच टेंभूच्या उपसा योजनेत अजस्र पंपांनी पुन्हा टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी भागाकडे नेतात. पाण्याला एकदा उतरू दिलं की पुन्हा चढवायला काय पडतं, हे टेंभूच्या वीजबिलाला विचारावं.

तर, मिस्त्री आले. आमचे मिस्त्री कमी बोलतात. व्हरांड्यातल्या बैठकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट मोटारीशी गेले, बटण दाबायला लावलं आणि कान लावून उभे राहिले. मोटारीतून खडी भरडल्यागत आवाज येत होता.

"बेअरिंग गेलं," वरून कोल्हापूरचे दादा म्हणाले.

"बेरिंग न्हाय," मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले. "तिला खालनं पाणी घावंना. तोंड आवळलंय."

या आवाजामागचं शास्त्र भारी आहे. पाणी उकळायला आच लागतेच असं नाही. वरचा दाब पुरेसा उतरला की गार पाणीही उकळतं. सक्शनचा पाइप तुंबला आणि पंप जोराने मागणी करत राहिला, की पंपाच्या तोंडाशी दाब इतका पडतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात. ते पुढे इंपेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्रात, जिथे दाब वाढतो तिथे, फटाफट फुटतात आणि धातूचे कण उडवतात. खडीचा आवाज तो. म्हणजे वरच्या मजल्यावर गीझरमध्ये पाणी तापत नाही म्हणून आरडाओरडा चालू असताना खाली आमचा पंप गार पाणी उकळत बसला होता.

मग मिस्त्रींनी डिलिव्हरीवरचं प्रेशरचं घड्याळ पाहिलं. हे घड्याळ पंपावर असलं तरी ते पाहायचं असतं हे मिस्त्री सोडून कुणाला ठाऊक नसतं. खरं तर अर्धं निदान तिथेच होतं. काटा वर आणि नळाला पाणी नाही, तर अडथळा पुढे आहे. कुठला तरी कॉक बंद किंवा पाइप चोंदलेला. काटा खाली आणि पाणीही कमी, तर दुखणं मागे आहे किंवा इंपेलर झिजलाय. काटा थरथरतोय, तर पंपाच्या पोटात हवा जातेय. आमचा काटा खाली होता आणि शिवाय थरथरतही होता.

"एअर बी घेतीया," मिस्त्री म्हणाले. त्यांनी सक्शनच्या युनियनवर, म्हणजे पाइपाच्या सांध्यावर, साबणाचा फेस लावला. मोटार चालू असताना एका जागी फेस आत ओढला गेला आणि तिथे बारीक भोवरा दिसला. सक्शनला गळती असली तरी थेंब बाहेर पडत नाही, हवा आत जाते. म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. डिलिव्हरीची गळती मात्र फरशीवर येऊन सगळ्यांना दिसते आणि तिच्यावर लगेच उपाय होतो. बाहेर सांडणाऱ्याची दखल घेतली जाते, आत घुसणाऱ्याची नाही. हे पंपापुरतं राहिलं असतं तर काय हवं होतं!

युनियनचं वायसर बदललं. मग मिस्त्री शर्ट काढून विहिरीत उतरले. मी वरून दोर धरून उभा. बैठक आता कठड्यापर्यंत आली होती, पण पायरीच्या अलीकडेच. खालून मिस्त्रींनी पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह काढून वर पाठवला. आमच्याकडे याला सगळे फुटबॉल म्हणतात, आणि तो सकाळीच मोडून बसलाय हे मराठीत कुणी सांगितलं तर मैदान शोधू नये. काम साधं असतं. खाली जाळी, वर एक झडप. पाणी वर जाताना झडप उघडते, मोटार थांबली की मिटते आणि पाइपातलं पाणी धरून ठेवते.

जाळीला जांभळाच्या पानांचा जाडजूड थर बसला होता. काही पानं कुजून नुसत्या शिरा उरल्या होत्या, काही अजून हिरवी होती, सगळी एकमेकांवर चिकटलेली. बोटाने सोलली तेव्हा सबंध गिलाफच निघाला. झडप उघडून पाहिली तर तिच्या बैठकीवर जांभ्याचा एक खडा बसलेला. तांबूस काळा, भोकाभोकांचा, करंगळीच्या नखात मावेल एवढा. झडप त्याच्यावर टेकायची आणि मिटल्याचं समाधान मानायची. रात्रभर त्या फटीतून पाइपातलं पाणी थेंब थेंब परत विहिरीत. सकाळी मोटार कोरडी. पानांनी तोंड आवळलं होतं, खड्याने झडप उघडी ठेवली होती आणि मोटार बिचारी निर्दोष होती. सातची बसवली असती तर सात हॉर्सपॉवरने तीच पानं ओढली असती.

फूट व्हॉल्व्ह धुऊन परत बसला, मोटार पाण्याने भरली, बटण दाबलं. खडीचा आवाज गेला, काटा वर चढून स्थिर झाला. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि व्हरांड्यात टाळ्या पडल्या.

त्यानंतरचं दृश्य मला बिघाडापेक्षा जास्त शिकवून गेलं. पाच मिनिटांत प्रत्येकाचं निदान बरोबर ठरलं. पुण्याचे काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, डिझाइनचा दोष आहे? विहिरीवर जाळीचं झाकण नको?" वहिनी म्हणाल्या, "आता बघा फोर्स!" हिंजवडीचा तरुण म्हणाला की सक्शनलाही सेन्सर मिळतो. कोल्हापूरचे दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तरी पण पाचाची असती तर पानंबिनं चुरा होऊन वर गेली असती." एकट्या मिस्त्रींना काही म्हणायचं नव्हतं. ते कोपऱ्यात ओली पँट पिळत होते.

शेजारच्या मोठ्या हॉटेलात थ्री फेज मोटार आहे. तिथली कथा याहून सरस. लाइनवर कसलंसं काम झालं, जोडताना दोन फेज उलटसुलट झाल्या आणि मोटार उलटी फिरू लागली. सेंट्रिफ्युगल पंपाची गंमत अशी की तो उलटा फिरला तरी पाणी पुढेच ढकलतो, फक्त कमी. त्यामुळे कुणाला संशय आला नाही. आठवडाभर शॉवर बदलले, नळ बदलले, एक व्यवस्थापक बदलला. शेवटी वायरमनने दोन वायरी बदलल्या.

कधीकधी मला वाटतं, सगळं महाबळेश्वरच डिलिव्हरीच्या बाजूने पाहिलं जातं. जांभ्याचा सडा, त्यावरचं रान, पाऊस मुरवणारी पालापाचोळ्याची माती, ही या डोंगराची सक्शनची बाजू. पाच नद्यांचा फूट व्हॉल्व्ह तिथे आहे. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो याच बाजूच्या काळजीपोटी. पण त्यानंतरही आमच्या गावात बैठक भरते ती टँकर कधी येणार, टाकी केवढी बांधायची आणि तरणतलाव कुठे खोदायचा यावर. मीही त्या बैठकांना जातो. चहा चांगला असतो.

तूर्त मी माझ्यापुरता उपाय केला आहे. प्रत्येक न्हाणीघराच्या दारावर सूचनांची पाटी लावली आहे. 'प्रेशर कमी वाटल्यास : एक, शॉवरच्या जाळीत तांबडी माती अडकते, जाळी फिरवून काढा व धुवा. दोन, भिंतीतला कॉक पूर्ण उघडा आहे का पाहा. तीन, गरम-गार दोन्ही नळांना कमी येतं की एकालाच, हे पाहा. एकालाच असेल तर दोष गीझरच्या बाजूला. चार, यानंतरही कमी असल्यास मालकांस कळवा.' सुवाच्य मराठीत, मोठ्या अक्षरांत.

पाटी लावून आता एक हंगाम झाला. पहिल्या पाटीवर कुणीतरी बॉलपेनने 'प्रेशर' खोडून 'हेड' केलं आहे. दुसरीवर ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन दुरुस्त्या आहेत, आणि त्या बरोबर आहेत. वरच्या मजल्यावरच्या पाटीखाली एकाने स्ट्रॉबेरी क्रीम कुठे चांगलं मिळतं ते लिहिलं आहे आणि त्याखाली दुसऱ्याने ते खोडून काढलं आहे. परवा मी मुक्काम संपलेल्या खोल्या आवरताना सगळ्या शॉवरच्या जाळ्या फिरवून पाहिल्या. एकीलाही कुणाचा हात लागलेला नव्हता.